चोवीस गुण म्हणजे किती फिजिक्स?

मार्चमध्ये जॅमचा, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो, आणि त्या संध्याकाळी मुलं फोन करून पहिला प्रश्न एकच विचारतात : "सर, कटऑफ किती लागला?" स्वतःला किती मिळाले ते नंतर सांगतात. कधी कधी सांगतच नाहीत. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षं बीएस्सीला फिजिक्स शिकवतो. या प्रश्नाची मला अजून सवय झालेली नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे टी.वाय.ला एक मुलगा होता. स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजायचं उपकरण, शुस्टरच्या पद्धतीने नीट लावायला चांगल्या मुलांचाही अख्खा तास जातो. हा पंधरा मिनिटांत लावायचा, आणि मग शेजारच्या टेबलावर जाऊन त्यांचं रीडिंग का चुकतंय ते शोधायचा. एकदा न्यूटनच्या वलयांचा प्रयोग सगळ्या बॅचचा बिघडला होता. वलयांचा मधला ठिपका काळा यायला हवा तिथे उजळ दिसत होता. इतरांनी पुस्तकातली आकृती बघून जर्नलमध्ये काळा ठिपका काढला. याने भिंग आणि काच पुसून पुन्हा बसवली, मध्ये धूळ होती हे दाखवलं, आणि जर्नलमध्ये आधी जे दिसलं तेही लिहिलं. त्या मुलाला जॅममध्ये पात्रतेच्या आकड्यापेक्षा पाऊण गुण कमी पडला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात येऊन तो शांतपणे म्हणाला, "सर, आपल्याला फिजिक्स येत नाही हे वेळेवर कळलं, बरं झालं." त्याने एमएस्सीचा दुसरा कुठलाच फॉर्म भरला नाही. आता तो पोलीस भरतीची तयारी करतोय. ती नोकरी मानाचीच आहे, तो तिथेही चांगलंच काम करील. मला टोचतं ते एवढंच, की ज्या आकड्यावर विश्वास ठेवून त्याने हा निर्णय घेतला, तो आकडा त्याला फिजिक्स येतं की नाही हे सांगतच नव्हता.

मग तो काय सांगतो?

जॅम ही आयआयटींची एमएस्सीची संयुक्त प्रवेश परीक्षा २००४ पासून होते. आता तिचे सात विषय आहेत : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणिती संख्याशास्त्र, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि २०२१ पासून अर्थशास्त्र. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. सगळ्या आयआयटी मिळून एमएस्सीच्या सुमारे तीन हजार जागा यातून भरतात. एनआयटी आणि इतर काही केंद्रीय संस्थाही याच गुणांवर वेगळ्या समुपदेशन फेऱ्या घेतात. आपल्याकडच्या मुलांना त्यातली जवळची म्हणजे नागपूरची व्हीएनआयटी.

या परीक्षेत 'कटऑफ' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिला कटऑफ पात्रतेचा : इतके गुण असतील तर तुम्हाला अखिल भारतीय क्रमांक मिळणार. दुसरा प्रवेशाचा : अमुक संस्थेत अमुक विषयाला शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर बंद झाला. गणित किंवा भौतिकशास्त्रात पहिला आकडा बहुतेक वर्षी शंभरापैकी वीस-पंचवीसच्या आगेमागे असतो. दुसरा प्रकार याहून कितीतरी कडक आहे. मुंबई आयआयटीत खुल्या गटातून यायचं तर देशात पहिल्या काहीशे जणांत असावं लागतं. म्हणजे पाऊण गुण जास्त मिळून आमचा मुलगा पात्र ठरला असता, तरी आयआयटीत गेलाच असता असं नाही. त्याच्या हातात फक्त एक क्रमांक आला असता. पण पात्र आणि अपात्र या दोन शब्दांना मराठीत जे वजन आहे, त्याने काम केलं. अपात्र म्हटल्यावर एकविसाव्या वर्षी माणूस दुसरं काय समजणार?

पात्रतेचा आकडा ठरतो कसा, हे गेटच्या (एमटेकच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) उदाहरणाने चांगलं समजतं, कारण तिथे सूत्र जाहीर असतं. सगळ्या परीक्षार्थींच्या गुणांची सरासरी काढायची, तिच्यात प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) मिळवायचं, आणि हे उत्तर किंवा २५ यांपैकी जे मोठं असेल ते खुल्या गटासाठी पात्रतेचे गुण. सूत्र स्वच्छ आहे आणि ते आधी सांगितलं जातं, हे मला आवडतं. पण पंचविसाचा तो तळ सोडला, तर त्यात विषयाच्या ज्ञानाची कुठलीही किमान पातळी ठरवलेली नाही. त्या दिवशी हॉलमध्ये कोण कोण बसलं होतं आणि पेपर किती अवघड निघाला, यावर आकडा वरखाली होतो. तोच मुलगा, तेवढंच येत असलेला, एका वर्षी पात्र आणि दुसऱ्या वर्षी अपात्र ठरू शकतो. तापमापकावरचं शून्य दरवर्षी खोलीतल्या माणसांकडे बघून ठरवलं, तर त्याने कुणाला ताप आहे हे सांगता येणार नाही. कोण जास्त तापलाय एवढंच सांगता येईल.

निवड करायला तेवढंही पुरतं. जागा तीन हजार असतील तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. कटऑफ म्हणजे जागांच्या टंचाईचं गुणांत केलेलं भाषांतर. ते टंचाईचं माप म्हणून वाचलं तर काहीच बिघडत नाही. आपण ते लायकीचं माप म्हणून वाचतो.

त्यात रेघेच्या आसपास नशिबाचा भाग किती, तेही एकदा मोजून बघण्यासारखं आहे. जॅमच्या पहिल्या विभागात तीस बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यातले वीस दोन-दोन गुणांचे. या दोन गुणांच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दोन तृतीयांश गुण कापला जातो. चार पर्यायांतून डोळे झाकून एक निवडला तर सरासरी फायदा बरोबर शून्य येतो. म्हणून सगळे म्हणतात, अंदाज मारून काही मिळत नाही. सरासरीने नाही मिळत. पण परीक्षेला सरासरी बसत नाही, एकेक मूल बसतं. समजा दोघांनी असे पाच प्रश्न अंदाजाने सोडवले. एकाचे पाचही चुकले : उणे ३.३३. दुसऱ्याचे दोन बरोबर आले, तीन चुकले : अधिक २. दोघांना त्या पाच प्रश्नांतलं सारखंच, म्हणजे काहीच, येत नव्हतं, आणि फरक पडला ५.३३ गुणांचा. अशा प्रकारे पाच प्रश्न सोडवणाऱ्या दर चार जणांत साधारण एकाचे पाचही चुकतात. दोन किंवा जास्त बरोबर येणारे तीन जणांत एकाहून थोडे अधिक. जिथे पात्रतेची रेघच वीस-पंचवीसवर आहे, तिथे पाच गुणांचा हा हेलकावा आणि आमच्या मुलाचा पाऊण गुण शेजारी ठेवून बघावेत. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवतो. निकालानंतर न दाखवता आधी, जानेवारीत.

तिसऱ्या विभागात संख्या टाइप करायची असते. तिथे चुकलं तर गुण कापत नाहीत, पण दहा पायऱ्यांपैकी नऊ बरोबर करून शेवटी एक चिन्ह चुकलेला आणि प्रश्नाला हातही न लावलेला, दोघांना सारखंच शून्य. यंत्राने तपासायचं म्हटल्यावर दुसरं काही शक्य नाही, हे मला मान्य आहे. पण मग यंत्राला जे दिसत नाही ते मूल्यमापनात नाही, हेही आपण मान्य करायला हवं.

याच ठिकाणी आरक्षणाचा वाद सुरू होतो, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जॅममध्ये ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर) आणि ईडब्ल्यूएससाठी पात्रतेचे गुण खुल्या गटाच्या ९० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी ५० टक्के असतात. खुला आकडा २४ असेल तर २१.६ आणि १२. निकालाच्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "बारा मार्कांवर आयआयटी!" पहिली गोष्ट, बारा मार्कांवर क्रमांक मिळतो, प्रवेश नाही. तो त्या गटातल्या चुरशीतूनच मिळवावा लागतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चोवीसवाल्यानेही शंभरातले शहात्तर सोडले आहेत. चोवीसला एमएस्सी झेपते आणि बाराला झेपत नाही, असं कुठल्या मोजमापाने ठरलं? ज्या आकड्यामागे ज्ञानाची कुठलीच किमान रेघ नाही, त्याच्या निम्म्यावर कुणी आलं म्हणून 'गुणवत्ता बुडाली' म्हणायला आधी गुणवत्ता मोजलेली असावी लागते. ती एमएस्सीच्या दोन वर्षांत मोजावी, तिथे शिकवून मोजावी. वाडीवस्तीवरून, घरात पहिल्यांदाच पदवी घेऊन आलेल्या मुलींना मी शिकवलंय. त्यांचे पहिल्या सत्राचे आणि सहाव्या सत्राचे पेपर शेजारी ठेवून पाहिले आहेत. माणूस कुठून निघाला हे न बघता कुठे पोचला एवढंच बघणारी मोजपट्टी मला तरी अर्धवट वाटते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी प्रवेश परीक्षांच्या विरोधात आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे. २००४ च्या आधी आमच्यासारख्या कॉलेजातल्या मुलाला मुंबईच्या किंवा कानपूरच्या आयआयटीत एमएस्सी करता येते हेच माहीत नसायचं. जॅमने त्याला कॉलेजचं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, कुणाची ओळख आहे का विचारलं नाही. आणि विद्यापीठाच्या गुणांवर सगळं सोडलं तर काय होतं तेही आपण पाहिलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा घरी बसून, बहुपर्यायी पद्धतीने झाल्या. त्यात गुणपत्रिका अशा फुगल्या की हुशार आणि कच्चा यांतला फरक आम्हा शिक्षकांनाही कागदावर दिसेना. मुलाखतीवर सगळं सोडलं तर इंग्रजी बोलणाऱ्या शहरी मुलाचा जोर चालणार. म्हणून परीक्षा हवीच. माझं म्हणणं तिच्याकडून आपण करून घेत असलेल्या कामाबद्दल आहे.

कारण हे काम वाढत चाललंय. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा आली : आता पंचाहत्तर प्रश्न, तीनशे गुण, सगळे बहुपर्यायी. हैदराबाद विद्यापीठाची किंवा जेएनयूची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची, तिच्यावर त्या विभागाचा हात असायचा, तो गेला. २०२४ च्या मार्चमध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पीएचडीच्या प्रवेशासाठीही नेटचे, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचे गुण वापरायचं ठरवलं. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) न मिळालेल्यांसाठी नेटला ७० टक्के भार आणि मुलाखतीला ३०. त्याच वर्षी जूनमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा नवा आराखडा आला. पदवीला कुठलाही विषय असला तरी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला दुसऱ्या विषयात एमएस्सी किंवा एमए करता यावं, असं त्यात आहे. कल्पना चांगली आहे, पण तिचाही सगळा भार पुन्हा त्या एका परीक्षेवरच. आणि त्याच जूनमध्ये यूजीसी-नेट परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द झाली, विज्ञान विषयांची सीएसआयआर-नेट ऐन वेळी पुढे ढकलली गेली. एका दिवसाच्या एका पेपरवर किती आयुष्यं टांगलेली आहेत ते त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं. आमच्या दोन माजी विद्यार्थिनी परीक्षा देऊन घरी पोचण्याआधीच ती रद्द झाली होती.

यातला खरा प्रश्न मला कटऑफच्या खाली सापडतो, बीएस्सीच्या वर्गात.

आमच्या विद्यापीठीय परीक्षेत विचारतात : सरल आवर्त गतीचं अवकल समीकरण मांडा आणि सोडवा. मुलं ते छान लिहितात. अपेक्षित प्रश्नसंचात ते असतं, 'आयएमपी'चा शिक्का मारलेलं असतं. जॅममध्ये विचारतात : एका कणाच्या स्थितिज ऊर्जेचं हे सूत्र, समतोल बिंदूपाशी छोट्या दोलनांची वारंवारता दोन दशांशांपर्यंत काढा. सूत्रात दोलक नाही, स्प्रिंग नाही. समतोल कुठे आहे ते आधी शोधायचं, तिथे दुसरं विकलज काढायचं, मग लक्षात येतं की अरे, हे तर तेच समीकरण. ज्याने कधी पाठांतर सोडून प्रश्न उलटसुलट करून पाहिला नाही, त्याला ते आपलं ओळखीचं समीकरण आहे हे कळतच नाही. ज्ञान आहे, ओळख नाही. ही ओळख सरावाने येते, आणि सराव करून घ्यायला माणूस लागतो. दिल्लीत आयआयटीच्या शेजारी जिया सरायच्या गल्ल्यांत देशभरची मुलं खोली घेऊन वर्ष वर्ष हाच सराव करतात. ज्याच्या बापाला एक 'ड्रॉप', म्हणजे फक्त तयारीसाठी घेतलेलं वर्ष, परवडतो त्याला ही ओळख विकत मिळते. आमच्याकडच्या मुलीला घरचे एकच संधी देतात. यंदा नाही लागलं तर स्थळं बघायची, हे फेब्रुवारीतल्या परीक्षेच्या आधीच ठरलेलं असतं.

म्हणून कटऑफ ज्या गोष्टीचं माप आहे, तिच्यात विद्यार्थ्याइतकंच त्याचं कॉलेजही मोजलं जातं. आणि आपण निकाल फक्त विद्यार्थ्याच्या नावावर लावतो.

यापेक्षा बरं काही आपल्याच देशात चालू आहे, हे फार जणांना माहीत नसतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत (स्थापना १९३१) एमस्टॅट किंवा एममॅथला (संख्याशास्त्र किंवा गणिताच्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश घ्यायचा तर दोन पेपर द्यावे लागतात. सकाळचा बहुपर्यायी, दुपारचा सविस्तर उत्तरांचा. पहिल्या पेपरात ठरावीक रेघ ओलांडली तरच दुसरा तपासतात. तिथे कटऑफचं काम फक्त तपासणाऱ्यांवरचं ओझं कमी करणं एवढंच, निवड माणूस करतो, उत्तराच्या पायऱ्या वाचून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएचडीसाठी (बीएस्सीनंतर थेट पीएचडीपर्यंतचा अभ्यासक्रम) जॅमच्या गुणांवर मुलाखतीला बोलावलं जातं आणि तिथे फळ्यासमोर उभं करून विचारतात. अर्धं उत्तर आलं तर पुढचा धागा देतात, मुलगा तो पकडतो का ते बघतात. आमच्या स्पेक्ट्रोमीटरवाल्याने तो नक्की पकडला असता.

हे सगळीकडे शक्य नाही, माणसं लागतात, वेळ लागतो, हे मी जाणतो. पण रेघेच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ते शक्य आहे. जिथे दोन-तीन गुणांचा फरक नशिबाचा असू शकतो असं आपलंच गणित सांगतं, तेवढ्याच मुलांना दुसरी संधी द्यावी. एक तासाचा लेखी पेपर, पाच प्रश्न, पायऱ्यांना गुण. राज्यातल्या विद्यापीठांचे विभाग तर हे सहज करू शकतात. त्यांच्याकडे अर्ज हजारांनी येतात, लाखांनी नाही. त्यांनी स्वतःची प्रवेश परीक्षा सोडू नये, उलट तिच्यात प्रयोगाचा अर्धा तास घालावा. विज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशात उपकरणाला हात लावण्याला एकही गुण नसावा, ही गोष्ट मला बावीस वर्षांत कधी पटलेली नाही. प्रत्येक परीक्षेने पात्रतेचं सूत्र आधी जाहीर करावं, आणि निकालाबरोबर गुणांचा सगळा आलेखही, म्हणजे कुठल्या गुणाला किती मुलं आहेत. आपण रेघेखाली एकटे नाही, तिथे पाऊण गुणात शेकडो जण दाटीवाटीने उभे आहेत, एवढं दिसलं असतं तरी आमच्या मुलाने कदाचित विद्यापीठाचा फॉर्म भरला असता.

आणि कॉलेजांत शिक्षक भरावेत. हे वाक्य इतक्या वेळा लिहून झालंय की लिहिताना संकोच वाटतो, पण बाकी सगळं यावर उभं आहे. आमच्या विभागात मंजूर पदं चार, भरलेलं एक. उरलेले तिघं तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, तेही उशिरा, आणि मे महिन्यात काहीच नाही. त्यातला एक जण जॅममधून आयआयटीत एमएस्सी करून आलाय, नंतर नेट आणि राज्याची सेट दोन्ही पास झालाय. लागलेला प्रत्येक कटऑफ त्याने ओलांडला आहे. टी.वाय.ला इलेक्ट्रोडायनॅमिक्स तोच शिकवतो. पुढच्या फेब्रुवारीत जॅमला बसणाऱ्या अकरा मुलांना तो रविवारी सकाळी प्रयोगशाळेत बोलावतो. त्या तासांची नोंद कुठल्याही मस्टरवर होत नाही.